नोंदणीकृत क्रमांक

डोळखांबच्या पुढे डांबर संपतं
तिथून माझी बँक सुरू होते.
पाठीवर सॅक, सॅकमध्ये अंगठ्याचं यंत्र,
हातभर पावत्यांची गुंडाळी, ओला रुमाल,
अर्धं लिंबू.
रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर,
तीही उगवतीच्या कोपऱ्यात.
दर मंगळवारी मी त्या कोपऱ्यात बसते.
पाड्यावर मला बँकवाली म्हणतात.
त्याआधी डोसवाली म्हणायचे.

बुधी वाघे सगळ्यांच्या शेवटी येते.
बोटं लिंबाने घासते, पदराला पुसते,
आणि एकेक काचेवर टेकवते,
बाजारात अंडी मांडावीत तशी जपून.
यंत्र लाल.
पुन्हा लाल.
दहाही बोटं.
वीस-बावीस वर्षं भिवंडीकडच्या भट्ट्यांवर
तिनं विटा थापल्या,
त्यातच राहिल्या असतील रेघा.
कल्याणात कुणाच्या तरी तिसऱ्या मजल्यावर,
गिलाव्याच्या आत,
बुधीची सही आहे.

मग उरतो ओटीपी.
तो जातो खात्याला जोडलेल्या नंबरावर.
नंबर किसनाचा.
किसना तळोज्याला कामाला गेला,
वर्षभर फोन लागायचा,
मग बंद लागायचा,
मग कंपनीने तो नंबर
दुसऱ्याच कुणाला देऊन टाकला.

मी पहिल्यांदा लावला तेव्हा
मागे शिलाई मशीन चालू होती.
घणसोलीची मुमताज दळवी.
म्हणाली, "बुधी म्हणजे खरंच कुणी आहे होय?
दर महिन्याला तिचे पैसे जमा झाल्याचं मला कळतं.
मी आपली मनात म्हणते, चला, आले एकदाचे."

ओटीपी कुणालाही सांगू नका,
असं पोस्टर बँकेने दिलंय.
ते मीच टाकीला चिकटवलंय, खळ लावून.
त्याच्याखाली बसून मी घणसोलीला फोन लावते.
मुमताज मशीन थांबवते,
सहा आकडे वाचते, सावकाश,
मधेच एक चुकते, पुन्हा पहिल्यापासून वाचते.
यंत्र हिरवं.
पाचशे रुपये.
त्यातून माझ्या वाट्याला दीड.

नोटा कनवटीला गेल्या की बुधी हात पुढे करते. फोनसाठी.
"जेवलीस का गं?"
"पोराचा खोकला?"
"आडुळसा दे म्हनलं व्हतं. तिकडं मिलत नाय?
काय गाव म्हनायचं तं."
आणि शेवटी, ओट्याकडे पाठ करून,
"किसनाला कुनी इचारत व्हतं का?"
पलीकडून काय येतं ते मला ऐकू येत नाही.
बुधी मान हलवते,
जणू ती मान घणसोलीत दिसते आहे.

एका मंगळवारी बुधी गेल्यावर
मुमताजनेच उलटा फोन केला.
"एक सांगू? नंबर नवा होता तेव्हा
एका माणसाचा फोन आलेला. किसन आहे का म्हणाला.
मी राँग नंबर म्हणून ठेवून दिला.
मला तेव्हा तुम्ही कुठे माहीत होता?"
मशीनचा आवाज नव्हता.
मीही काही बोलले नाही.
हे बुधीला सांगायचं की नाही,
याचा रकाना माझ्याकडच्या कुठल्याच फॉर्मवर नाही.

नंबर बदलायचा फॉर्म मात्र आहे.
चार महिने सॅकमध्ये फिरतोय,
एक कोपरा लिंबाने पिवळा झालाय.
त्यालाही बुधीचाच अंगठा लागतो,
शहापूरच्या केंद्रात, तसल्याच काचेवर.
तरी मी विचारते, जाऊ या का एकदा?
"कशाला?" बुधी म्हणते.
"हाय त्यो नंबर लागतोय की.
कुनीतरी उचलतंय."

ती उतारावरून खाली जाते.
मी यंत्र बंद करते, पावत्यांची गुंडाळी आवळते.
माझ्या फोनला
घरी पोचेपर्यंत लिंबाचा वास येत राहतो.